प्यादं एकच घर

खोपोली-पाली रस्त्यावरून चावणी गावाकडे वळलं की उंबरखिंड लागते. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखान इथे अडकला. शायिस्ताखानाने त्याला पुण्याहून कोकणात पाठवलं होतं. कल्याण, पनवेल, नागोठणे हा मुलूख घ्यायचा होता. खान कुरवंडे घाटाने खाली उतरला आणि उतरताना त्याला कुणीही अडवलं नाही. तो खिंडीत पुरता शिरल्यावर पुढचं तोंड बंद झालं, मग मागचं. दोन्ही बाजूंना दाट रान आणि रानात शिवाजी महाराजांची माणसं. फौजेबरोबर असलेल्या रायबागनने खानाला शरण जायला सांगितलं. सामानसुमान टाकून, खंडणी देऊन खान सुटला.

शत्रूला मैदानाचा मध्य घेऊ द्यायचा, आपण बाजूला दबा धरून बसायचं आणि तो पसरला की त्याच्या पसाऱ्यावरच घाव घालायचा, ही रीत बुद्धिबळातही आहे. जगभरचे खेळाडू तिला 'इंडियन डिफेन्स' म्हणतात. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन अशी तिची मोठी भावकी आहे. पहिल्या चालीला पांढऱ्याने वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं की काळ्याने आपलं प्यादं त्याच्यासमोर न आणता राजाकडचा घोडा एफ६ वर काढायचा, हा या घराण्याचा मूळ पुरुष. उंबरखिंडीचा आणि या बचावाचा ऐतिहासिक संबंध काहीही नाही. पण खालापूर तालुक्यातल्या माणसाला हा बचाव समजावून द्यायचा असेल तर मी पुस्तकातल्या आकृत्यांच्या आधी त्याला खिंड दाखवीन.

या बचावाला आपल्या देशाचं नाव का मिळालं, त्याचं कारण एका प्याद्याच्या चालीत आहे.

आज शाळांमधून शिकवतात ते बुद्धिबळ आपल्याकडे पूर्वी नव्हतं. कर्जत-खालापूरच्या गावांत काय किंवा पुण्या-सांगलीत काय, जुनी माणसं खेळत ते 'देशी'. पट तोच, चौसष्ट घरांचा. मोहरीही तीच: राजा, वजीर, दोन उंट, दोन घोडे, दोन हत्ती, आठ प्यादी. घोडा अडीच घरं, उंट तिरका, हत्ती सरळ. फरक होता तो तीन-चार गोष्टींत आणि त्या तीन-चार गोष्टींनी सगळा खेळ बदलत असे.

प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाई. विलायती खेळात पहिल्यांदा दोन घरं जायची मुभा आहे, ती इथे नाही. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला अजून शह बसलेला नसेल तर डावात एकदा घोड्याची उडी मारता येई. पलीकडच्या टोकाला पोचलेलं प्यादं हवं ते रूप घेत नसे. ज्या घरात पोचलं, त्या घराचा मूळ मानकरी जो असेल तोच ते होई: हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. शिवाय जिंकण्याच्याही प्रती होत्या. समोरच्याची सगळी मोहरी मारून त्याचा राजा एकटा उरला तर तो धड विजय मानत नसत, काही ठिकाणी डाव अर्धा धरत. म्हणून चांगला खेळाडू मुद्दाम समोरच्याचं एखादं मोहरं जिवंत ठेवून मात करी. आणि प्यादेमात, म्हणजे प्याद्याने दिलेली मात, सगळ्यांत मानाची. राजाला वजिराने मारणं सोपं, शिपायाने मारण्यात खरी करामत.

नियम गावागणिक थोडे बदलत. कुठे सुरुवातीला दोघेही एकदम चार चार चाली मांडून घेत, कुठे तसं नसे. खेळायला बसण्यापूर्वी 'तुमच्याकडं कसं?' हे विचारून घ्यावं लागे आणि त्यावरून डाव सुरू होण्याआधीच वाद होत. मला हा गोंधळ आवडतो. अखिल भारतीय स्पर्धा भरवणाऱ्याला मात्र तो परवडणारा नव्हता.

आता प्यादं एकच घर जातं म्हटल्यावर काय होतं पाहा. दोन्ही बाजूंची प्यादी पटाच्या मध्यावर लगेच भिडत नाहीत. दोन सैन्यांत बराच वेळ मोकळी जमीन राहते. घाई करून उपयोग नसतो, म्हणून खेळाडू आधी स्वतःच्या घरात मांडामांड करतो. घोड्यासमोरचं प्यादं एक घर पुढे, त्या जागी उंट, म्हणजे उंटाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा लांब कर्ण मिळतो. मध्याची प्यादी एकेक घर सरकवून भिंत. घोडे भिंतीमागे. युरोपात एकोणिसाव्या शतकात शौर्याची कल्पना वेगळी होती: दुसऱ्याच चालीला प्यादं बळी द्या, चौथ्या चालीला उंट राजावर रोखा, विसाव्या चालीच्या आत मात करा. त्या लोकांना आपला खेळ भित्रा वाटला यात नवल नाही.

या देशी खेळाची लेखी परंपरा महाराष्ट्राच्या अगदी अंगणातली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये बुद्धिबळाचा भाग आहे. ही कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने 'भगवंतभास्कर' लिहिला. हे भट्ट घराणं मूळ पैठणचं, पुढे काशीत स्थायिक झालेलं. या ग्रंथाचे बारा मयूख. त्यातल्या 'व्यवहारमयूखा'चा आधार इंग्रजी अमलात मुंबईच्या न्यायालयांत वारसाहक्काच्या खटल्यांना घेतला जाई; वकिलांना तो पाठ असे. 'नीतिमयूखा'त त्याच नीलकंठाने बुद्धिबळाचे नियम दिले आहेत आणि एकही घर दुसऱ्यांदा न घेता घोडा चौसष्ट घरांवर कसा फिरवायचा तेही सांगितलं आहे. वारसाहक्काचा कायदा आणि घोड्याची फेरी एकाच लेखणीतून उतरावी, ही गोष्ट आमच्या वकील मित्रांना सांगितली की ते उगाच ताठ बसतात.

मग येतं १८१४ साल. त्या वर्षी मुंबईत बुद्धिबळावरचं एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. लेखक त्रिवेंगडाचार्य शास्त्री. मूळ ग्रंथ संस्कृतात, त्याचं हे भाषांतर. आणि मुखपृष्ठावरच स्पष्ट केलेलं की यातली रचना युरोपीय खेळाच्या पद्धतीला जुळवून घेतलेली आहे. पुस्तकात मुख्यतः डावाच्या शेवटच्या कोंडीतल्या स्थिती आहेत, म्हणजे आज ज्याला आपण बुद्धिबळाची कोडी म्हणू त्या. देशी परंपरेची खरी श्रीमंती तिथेच होती: अमुक प्याद्याने मात करून दाखवा, अमुक घरात मात करून दाखवा. हा माणूस दोन्ही नियमांत मुरलेला होता. भारतीय खेळाडूला साहेबाशी खेळायचं तर साहेबाच्या नियमाने खेळावं लागेल हे त्याने पेशवाई अजून उभी असताना ओळखलं.

१८१४ मध्ये पुण्याच्या गादीवर दुसरा बाजीराव होता आणि संगमावर इंग्रजांचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुण्याची विद्या आणि मुंबईचे छापखाने यांच्यामधला रस्ता आमच्या तालुक्यातून जायचा. खंडाळ्याहून बोरघाट उतरायचा, खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेल्या तळ्यावर आणि देवळात टेकायचं, मग खालापूर, चौक, पनवेल आणि तिथून होडीने मुंबई. घाटात गाडीरस्ता नीट व्हायला १८३० उजाडलं; गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात तो खुला झाला. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली, पण घाट चढायला तिला आणखी सात वर्षं लागली. तोवर प्रवासी खोपोलीला उतरून पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी वर जात. १८६३ मध्ये कर्जतकडून घाटाची लोहमार्गाची चढण पुरी झाली आणि पुणं मुंबईला जोडलं गेलं. त्यानंतर पुण्याचा माणूस सकाळी निघून मुंबईच्या साहेबासमोर पट मांडू शकत होता. विलायती नियम देशावर पोचले ते पुस्तकांपेक्षा याच रुळांवरून, असं माझं मत आहे.

पण निर्णायक प्रसंग घडला तो कलकत्त्यात.

जॉन कॉक्रन हा स्कॉटिश बॅरिस्टर, जन्म १७९८ चा. तरुणपणी लंडन आणि पॅरिसमध्ये नावाजलेल्यांशी खेळून तो १८२०च्या दशकात हिंदुस्थानात आला आणि कलकत्त्यात वकिली करू लागला. स्वभावाने आगखाऊ खेळाडू. काळ्याने राजाकडचा घोडा काढून शांत डाव मांडला की चौथ्याच चालीला स्वतःचा घोडा एफ७ वरच्या प्याद्यावर उधळून टाकण्याची त्याची सवय आजही 'कॉक्रन गँबिट' म्हणून ओळखली जाते. हा गँबिट त्याने १८४८ मध्ये ज्याच्यावर वापरला, तो महेशचंद्र बॅनर्जी नावाचा बंगाली ब्राह्मण होता. १८५० मध्ये एका इंग्रजी बुद्धिबळ मासिकात आलेल्या पत्रात त्याची हकिकत आहे: कलकत्त्याच्या क्लबातल्या एका सभासदाला तो मुलुखात भेटला, आपल्या भागात कधी हरलेला नाही अशी त्याची ख्याती, विलायती नियम त्याला ठाऊक नव्हते. त्याला शहरात आणून कॉक्रनसमोर बसवलं.

पुढची दहा-बारा वर्षं हे दोघं शेकडो डाव खेळले. कॉक्रन जास्त जिंकला यात शंका नाही. पण त्याने डाव लिहून ठेवले आणि त्या नोंदींमुळे आज आपल्याला देशी हाताची चाल दिसते. मे १८५५ मधला एक डाव पाहण्यासारखा आहे. कॉक्रनने वजिराचं प्यादं दोन घरं टाकलं. महेशचंद्राने घोडा एफ६ वर काढला. कॉक्रनने सी४ केलं. महेशचंद्राने जी६ केलं आणि उंटासाठी कोपरा मोकळा केला. कॉक्रनने घोडा काढला आणि आता महेशचंद्राने डी५ वर प्यादं टाकून मध्यालाच आव्हान दिलं. मग प्याद्यांची मारामारी, घोड्यांची अदलाबदल, आणि सी५ वरून कॉक्रनच्या मध्याच्या भिंतीवर दुसरा धक्का.

इथे प्यादी दोन दोन घरं गेली आहेत हे नजरेतून सुटू नये. महेशचंद्र जुन्या सवयीने हात चालवत नव्हता. नव्या नियमाने दिलेली मुभा त्याने घेतली होती आणि जुन्या खेळातला विचार तसाच ठेवला होता: मध्य दुसऱ्याला बांधू दे, मग लांबून उंटाने आणि बाजूच्या प्याद्याने तो पोखरायचा. डावाचा शेवट मात्र त्याच्या विरुद्ध गेला. कॉक्रनचा घोडा एफ७ वर घुसला, महेशचंद्राचा घोडा कॉक्रनच्या वजिराच्या मागे ए५ वर गेला, आणि तीच चूक ठरली. कॉक्रनने घोडा एच६ वर नेऊन दुहेरी शह दिला, राजा कोपऱ्यात गेला, वजीर जी८ वर झोकून दिला, हत्तीला तो मारावाच लागला, आणि घोड्याने एफ७ वर परत येऊन आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला मात केली. ही गुदमरलेली मात प्रत्येक शाळकरी खेळाडू आज शिकतो.

सदुसष्ट वर्षांनी, १९२२ मध्ये, व्हिएन्नाचा एर्न्स्ट ग्रुनफेल्ड त्याच पहिल्या तीन चाली खेळू लागला. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या स्पर्धेत त्याने त्या बचावाने अलेखाइनसारख्या बलाढ्य खेळाडूला हरवलं आणि बचावाला नाव पडलं ग्रुनफेल्डचं. महेशचंद्राचं नाव तिथे नाही. मोठ्या घराण्याला मात्र 'इंडियन' हे नाव विसाव्या शतकाच्या त्या सुरुवातीच्या दशकांत रूढ झालं, म्हणजे वंशाला देशाचं नाव लागलं आणि ज्याने वंश चालवला तो अनामिक राहिला. बुद्धिबळाच्या इतिहासात हे फार होतं आणि त्याबद्दल गळा काढण्यापेक्षा डाव पटावर मांडून पाहणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

इथून गोष्ट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जाते. हेस्टिंग्ज या गावी नाताळ आणि नव्या वर्षाच्या सुमारास दरवर्षी मोठी स्पर्धा भरत असे. १९३०-३१ च्या स्पर्धेत दहा खेळाडू होते. त्यांत होजे राउल कापाब्लांका. १९२१ ते १९२७ तो जगज्जेता होता. त्याला हरवणं ही वर्षाकाठी एखादेवेळी ऐकू येणारी बातमी असे. आणि त्याच्या समोर एका फेरीत बसला मीर सुलतान खान. पंजाबातल्या खुशाब भागातल्या मिठा टिवाणा गावचा. लहानपणी वडिलांकडून शिकला तो देशी खेळ. विलायती नियम त्याने विशी ओलांडल्यावर, १९२६ च्या सुमारास, शिकून घेतले. सर उमर हयात खान टिवाणा या जमीनदाराने त्याला आश्रय दिला होता. १९२८ मध्ये तो अखिल भारतीय विजेता झाला. १९२९ च्या वसंतात सर उमर त्याला लंडनला घेऊन गेले आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट इथे त्याने ब्रिटिश अजिंक्यपद पटकावलं. सुरुवातींची पुस्तकं वाचून आलेल्या लोकांमध्ये हा माणूस जवळजवळ रिकाम्या हाताने उतरला होता.

पांढरी मोहरी सुलतानकडे. पहिली चाल घोडा एफ३. कापाब्लांकाने घोडा एफ६. मग डी४, त्यावर बी६. सी४, त्यावर उंट बी७. घोडा सी३, त्यावर ई६. पाहा गंमत: क्यूबाचा माणूस एका भारतीयाविरुद्ध क्वीन्स इंडियन बचाव खेळत होता. काळ्याच्या मनात आता पुढची चाल तयार होती. दुसरा उंट बी४ वर आणायचा, पांढऱ्याच्या सी३ वरच्या घोड्याला खिळवायचं आणि मध्यावर ताबा ठेवायचा.

पाचव्या चालीला सुलतानने हत्तीसमोरचं प्यादं एकच घर पुढे ढकललं. ए३.

त्या काळच्या शिकवणुकीप्रमाणे ही वाया घालवलेली चाल. सुरुवातीला मोहरी बाहेर काढायची, कडेची प्यादी हलवत बसायचं नाही. पण या एका घराने बी४ बंद झालं. उंटाला तिथे येताच येईना. कापाब्लांकाने डी५ केलं, प्यादी मारली गेली आणि काळ्याने ई प्याद्याने परत घेतलं. यामुळे बी७ वरचा त्याचा उंट स्वतःच्याच डी५ प्याद्याच्या मागे अडकला. डाव संपेपर्यंत तो उंट नीट बाहेर पडला नाही.

बाराव्या चालीला सुलतानचा घोडा बी५ वर गेला. त्याला काळ्याचा दुसरा उंट हवा होता आणि पुढच्याच चालीला डी६ वर त्याने तो मारला. काळ्याला सी प्याद्याने घ्यावं लागलं, दोन प्यादी एकाखाली एक आली. चौदाव्या चालीला एच४, एकोणिसाव्याला जी४, विसाव्याला जी५. आणि या सगळ्या काळात सुलतानने किल्लेकोट केलाच नाही. राजा मध्यावरच उभा. सगळ्या आयुष्यात किल्लेकोट नसलेला खेळ खेळलेल्या माणसाला राजा मध्यावर असण्याचं भय कमी वाटणार, असा माझा तर्क आहे.

कापाब्लांकाचे दोन्ही हत्ती सी स्तंभावर एकामागे एक उभे होते. एकविसाव्या चालीला सुलतानने उंट जी४ वर आणून मागच्या हत्तीवर रोखला. कापाब्लांकाने पुढचा हत्ती सी१ वर घुसवून शह दिला. सुलतानचा राजा डी२ वर सरकला. दुसरा हत्ती सी२ वर येऊन पुन्हा शह. इथे सुलतानने वजीर दिला. सी२ वरचा हत्ती वजिराने घेतला, दुसऱ्या हत्तीने वजीर घेतला, राजाने तो हत्ती घेतला. चोविसाव्या चालीनंतर कापाब्लांकाकडे वजीर, सुलतानकडे दोन हत्ती.

पटावर नवखा माणूस वजीर पाहून काळ्याचं बरं चाललंय म्हणेल. तसं नव्हतं. काळ्याचा उंट कोंडलेला, प्यादी गोठलेली आणि एकट्या वजिराला जायला जागा नाही. पुढच्या एकेचाळीस चाली सुलतानने काहीही चमकदार केलं नाही. हत्ती जोडले, उंट जागी बसवले, राजा सुरक्षित घरात नेला, आणि एकेक घर करत काळ्याची हवा कमी केली. पासष्टाव्या चालीला कापाब्लांकाने डाव सोडला.

स्पर्धेत पहिला आला नेदरलँड्सचा मॅक्स ओव्हे, साडेसहा गुणांनी कापाब्लांका दुसरा, सहा गुणांनी सुलतान तिसरा. कापाब्लांकाने पुढे लिहिताना सुलतानच्या प्रतिभेला असामान्य म्हटलं.

त्या ए३ चं पुढे काय झालं? १९५०-६० च्या दशकांत आर्मेनियन जगज्जेता तिग्रान पेट्रोशियन ती चाल आवडीने खेळू लागला आणि ती त्याच्या नावाने पुस्तकात गेली. १९८१ मध्ये टिलबर्गच्या स्पर्धेत अठरा वर्षांच्या गॅरी कास्पारोव्हने तिच्यावरून उल्फ अँडरसनला चिरडलं. १९८३ मध्ये निक्शिच इथे लायोश पोर्टिशला. पोर्टिशविरुद्धच्या डावात सहाव्या चालीपर्यंतची मांडणी आणि हेस्टिंग्जची मांडणी जवळजवळ एक आहे, फक्त पोर्टिशने डी५ वर प्याद्याऐवजी घोड्याने परत घेतलं, म्हणजे उंट कोंडू दिला नाही. पन्नास वर्षांत सिद्धान्ताने केलेली सुधारणा ती एवढी.

सुलतानने १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. १९३३ च्या अखेरीस सर उमरबरोबर तो परत आला. त्याच्याबद्दलच्या इंग्रजी लिखाणात तो सर उमरचा नोकर होता, वाढपी होता, असं रंगवून सांगण्याची हौस दिसते. त्याच्या कुटुंबीयांनी यावर जाहीर आक्षेप घेतला आहे आणि तो मला पटतो. गरीब नोकराने बादशहाला हरवलं ही गोष्ट विकायला सोपी, इतकंच. १९६६ मध्ये सरगोध्याला तो वारला. जागतिक महासंघाने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये.

परतल्यावर तो जवळजवळ खेळलाच नाही. अपवाद १९३५ चा आणि तिथे महाराष्ट्र गोष्टीत येतो. त्या वर्षी मराठी खेळाडू व्ही. के. खाडिलकर त्याच्याविरुद्ध दहा डावांचा सामना खेळले. सुलतानने नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. हा आकडा सांगताना मराठी लेखक सहसा आवाज खाली करतात. मला तो अर्धा गुण लाजिरवाणा वाटत नाही. कापाब्लांकाला पासष्ट चालींत संपवणाऱ्या माणसासमोर दहा वेळा बसायची तयारी दाखवणारा देशात दुसरा कोण होता?

त्या पिढीची अडचण दुहेरी होती. देशी खेळात मुरलेला हात विलायती नियमांत वळवायचा, आणि तोही पुस्तकांशिवाय, परदेशी स्पर्धांशिवाय. दोन घरं जाणारं प्यादं ही वरवर किरकोळ सवलत. पण तिच्यामुळे सुरुवातीच्या दहा चाली जिवावरच्या होतात. देशी खेळात त्याच दहा चाली आरामात मांडामांड करण्याच्या असत. युरोपीय खेळाडू पहिल्या दहा चाली पाठ करून येई आणि आपला माणूस त्या पटावर बसून शोधत राही. तोवर घड्याळ चालू. शेवटच्या टप्प्यात आपली माणसं कुणाला हार जात नसत, कारण प्यादेमातीच्या कोड्यांवर पोसलेली; पण शेवटच्या टप्प्यापर्यंत डाव टिकला तर ना.

१९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये आंध्रातल्या एलुरू इथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. तिच्यात रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले, म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या विजेतेपदात अर्धा वाटा मराठी. दुसरी स्पर्धा १९५७ मध्ये मुंबईत झाली. मधल्या १९५६ साली मॉस्कोच्या ऑलिंपियाडमध्ये भारताचा संघ प्रथमच उतरला. इथून पुढे ज्याला जिल्ह्याच्या, राज्याच्या, देशाच्या पातळीवर खेळायचं असेल त्याला एकच नियमावली. देशी खेळावर कुणी बंदी घातली नाही. तो खेळून कुठेही पोचता येत नाही एवढं कळल्यावर मुलांनी तो आपोआप सोडला. आमच्याकडेही तो ओट्यावरच्या म्हाताऱ्यांपुरता उरला आणि त्यांच्यामागे गेला. सांगलीत मात्र भाऊसाहेब पडसळगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी नव्या नियमांची शिस्त आणि जुन्या गावाची हौस यांची सांगड घातली. भाग्यश्री साठे, स्वाती घाटे यांच्यासारख्या मुली त्या मातीतून वर आल्या, हा वेगळ्या लेखाचा विषय.

नियम एक झाले तरी पटावर कुणी बसायचं हा वाद राहिलाच. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी. दैनिक 'नवाकाळ' काढणाऱ्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या घराण्यातल्या या तिघी. पुढची कित्येक वर्षं महिलांचं अजिंक्यपद या घराबाहेर फारसं गेलं नाही. धाकटी रोहिणी १९७६ मध्ये, तेरा वर्षांची असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. आक्षेप आले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी जागतिक महासंघाच्या अध्यक्षांकडे. अध्यक्षांनी निकाल दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रीला स्त्री म्हणून अडवता येणार नाही.

ते अध्यक्ष होते मॅक्स ओव्हे, हेस्टिंग्जला कापाब्लांका आणि सुलतान यांच्या पुढे पहिला आलेला तोच डच शिक्षक. १९८१ मध्ये हैदराबादला रोहिणी खाडिलकर आशियाई महिला अजिंक्यपद जिंकणारी पहिली खेळाडू ठरली.